दुसऱ्या दिवशी न आलेल्या चहाबाबत

प्रति,
माननीय प्रशिक्षण निरीक्षक साहेब,
श्रमिक शिक्षण साहाय्य कक्ष, मावळ विभाग,
वडगाव मावळ, जि. पुणे.

अर्जदार : सौ. राजेश्वरी आदिनाथ केदारी,
महिला चिटणीस, बंगला राखण व घरकाम कामगार संघटना, लोणावळा-मळवली.
राहणार : ‘शांतीछाया’ बंगल्याची मागची खोली, तुंगार्ली, लोणावळा.

विषय : दि. १९ व २० जुलै रोजीचे महिला सभासदांचे शिक्षण शिबिर ‘झाले नाही’ हा शेरा मागे घेऊन दुसऱ्या शिबिरास मान्यता देणेबाबत.

संदर्भ : १) आपला निरीक्षण अहवाल, दि. २४ जुलै.
२) आपण स्वतः, जे त्या वेळी आमच्याकडे मुक्कामी होतात.

महोदय,

१. वरील विषयास धरून नम्रपणे लिहिते की, आपला अहवाल आमच्या संघटनेच्या कार्यालयात पोचला. कार्यालय म्हणजे मळवली स्टेशनाजवळच्या पिठाच्या गिरणीवरची खोली. तिथे तो सर्व भगिनींना वाचून दाखवला. खाली गिरणी चालू असल्याने दोनदा वाचावा लागला, आणि दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटले. अहवालात आपण लिहिले आहे : ‘शिबिरार्थी अखेरपर्यंत फिरकले नाहीत. व्याख्यात्या बाई रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलल्या. बंगल्यावरील महिला कर्मचारी मात्र अत्यंत तत्पर. तथापि दुसऱ्या दिवशी वारंवार मागूनही चहा आला नाही. सबब शिबिर झाले नाही असे समजावे व सदर संघटनेच्या महिला विभागास पुन्हा शिबिराची मान्यता देऊ नये.’

२. साहेब, आपण जे पाहिलेत ते सगळे खरे आहे. आपल्याला खोटे पाडण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच की, ज्यांना आपण महिला कर्मचारी म्हणता त्याच शिबिरार्थी होत्या. ज्यांनी आपल्याला चहा दिला, भजी तळली, आपली बॅग गाडीतून काढून वरच्या खोलीत नेली आणि आपले ओले मोजे पंख्याखाली वाळत घातले, त्या सगळ्या शिबिरालाच आलेल्या होत्या. शिबिर गैरहजर नव्हते. शिबिर आपल्यापुढे ट्रे घेऊन उभे होते.

३. मान्यता आज नाही तर पुढच्या वर्षी घ्या, असे आपण म्हणाल. पण आमच्या शालूमावशींना पुढचे वर्ष नाही. गैरसमज नसावा, त्यांची तब्येत ठणठणीत आहे. लग्न होऊन आल्यापासून त्या ज्या बंगल्याची राखण करतात तो विकला गेला आहे. दिवाळीनंतर तो पाडून तिथे हॉटेल होणार, आणि मावशी आंबीला लेकीकडे राहायला जाणार. बंगला गेला की राखण गेली, आणि राखण गेली की आमच्या घटनेप्रमाणे सभासदत्व गेले. तेव्हा दुसरे शिबिर झाले तर दिवाळीच्या आत, नाहीतर मावशींसाठी ते कधीच होणार नाही. या अर्जात पुढे जे काही लांबण लावले आहे ते त्या एका गोष्टीसाठी आहे, हे ध्यानात ठेवून कृपया शेवटपर्यंत वाचावे.

४. आता जे घडले ते क्रमाने सांगते. आपल्या कक्षाच्या नियमाप्रमाणे महिलांचे शिबिर शनिवार-रविवारीच घ्यावे लागते, कारण त्या दिवशी महिलांना सवड असते. हा नियम ज्यांनी केला त्यांना शनिवार-रविवारी सुट्टी असणार, त्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण लोणावळ्यात शुक्रवार संध्याकाळपासून पार्ट्या उतरू लागतात. पार्टी म्हणजे बंगला भाड्याने घेऊन येणारी मंडळी. त्यांचे दोन दिवस मजेचे म्हणजे आमचे दोन दिवस कंबर मोडण्याचे, आणि जुलैत तर विचारूच नका. तरी नियम तो नियम म्हणून आम्ही जावा, नणंदा, सासवा, जे कुणी हाताला लागेल त्याला बदली बसवून आलो. मळवलीच्या एका फार्महाऊसवर असणाऱ्या मुमताज मुलाणी यांनी आपल्या नवऱ्याला, इर्शादभाईंना, बदली ठेवले. इर्शादभाईंनी सगळ्या खोल्यांच्या चादरी एकाच पलंगावर एकावर एक घातल्या आणि पार्टीला सांगितले की मऊ लागेल. मुमताजताईंना त्याचे फोन दोन्ही दिवस येत होते. इतका त्रास काढून बायका शिबिराला आल्या होत्या, एवढे यावरून लक्षात यावे.

५. शिबिरासाठी ‘शांतीछाया’ बंगला आमच्या मालकीणबाईंनी आपण होऊन दिला. त्या सध्या लेकीकडे परदेशी आहेत. फोनवर म्हणाल्या, हॉल वापर, खोल्या वापर, सगळ्याजणी आरामात राहा. इथपर्यंत कुणाची काही चूक नाही. चूक इथून सुरू होते आणि ती आमची आहे.

बंगला सांभाळणारी बाई दुसऱ्याच्या बंगल्यात पुढच्या दाराने शिरत नाही. सवयीने सगळ्याजणी मागच्या दाराने आल्या, मोरीपाशी चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मी म्हटले, हॉलमध्ये बसा. कुणी बसेना. मुमताजताईंनी वर पंख्याकडे पाहिले. नुसते पाहिले. पण पंखा माझ्या राखणीतला, त्यामुळे मला ते झोंबले. मी स्टूल आणून पंखा पुसायला चढले. मी चढले म्हणून दुसरीने खिडक्यांच्या काचा घेतल्या, तिसरीला गाद्यांचा कोंदट वास आला, आणि एका घटकेत आमच्या महिला शिबिराने बंगला धुवायला काढला.

६. मग प्रत्येकीला आपापल्या बंगल्याची रीत आठवली. कुठे चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडतात, कुठे नुसता गादीखाली खोचतात. यावरून जी चर्चा झाली तितकी गंभीर चर्चा आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेतही होत नाही. मुमताजताईंच्या फार्महाऊसवर टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवायची पद्धत आहे. त्यांनी तो करून दाखवला. तो सगळ्यांना शिकायचा होता, कारण शिकायलाच आलो होतो. दुपारपर्यंत प्रत्येक पलंगावर एक हंस बसला होता. खुर्चीवर बसलेली बाई मात्र एकही नव्हती.

७. अशा वेळी आपली गाडी फाटकाशी आली आणि हॉर्न वाजला. शालूमावशी अंगणात खराट्याने पाणी काढत होत्या, त्या पुढे झाल्या. आपण काच खाली करून विचारलेत, शिबिराची मंडळी आली का? मावशी म्हणाल्या, ‘न्हाई सायेब, अजून कोन बी न्हाई आलं. येतील की. तुमी या, बसा, च्या टाकते.’ हे वाक्य आपण अहवालात पुरावा म्हणून घेतले आहे. मावशी खोटे बोलल्या नाहीत. त्या असे का म्हणाल्या ते आम्हालाही त्या वेळी कळले नव्हते, त्याचा खुलासा पुढे येतो. बाकीच्या बायकांनी खिडकीतून हे ऐकले होते. पण फाटकाशी गाडी उभी असताना वडीलधाऱ्या बाईला तोंडावर चुकीचे ठरवायचे नसते, अशी आमच्यात रीत आहे. सगळ्यांनी मान आत घेतली आणि कुणीतरी दुधाचे पातेले चढवले.

८. चिटणीस या नात्याने मी खुलासा करायला हवा होता. मी वर गाद्या उलथत होते. खाली आले तेव्हा आपण वेताच्या खुर्चीत बसला होतात. आपण विचारलेत, तुम्ही कोण? मी म्हणाले, ‘मी शांतीछायाची.’ आमच्याकडे बाईला कोण म्हणून विचारले की ती बंगल्याचे नाव सांगते. तुंगार्लीत राजेश्वरी केदारी कुठे राहते विचाराल तर कुणाला सांगता येणार नाही. शांतीछायाची विचाराल तर शेंबडे पोरही दारात आणून सोडेल. मुमताजताईंनी आणि बाकीच्यांनीही तसेच सांगितले. आपण मात्र ते शब्दशः लिहून घेतलेत. त्यामुळे अहवालाला जोडलेल्या हजेरीत बाईमाणूस एकही नाही. ‘शांतीछाया’, ‘वनराई’, ‘पितृस्मृती’ असे बंगलेच्या बंगले हजर आहेत आणि पुढे शेरा आहे, ‘आजूबाजूच्या मालमत्ता’.

तरीही मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात आपण रिकामा कप माझ्या हातात दिलात. साहेब, हातात कप आला की माझे पाय मोरीकडे वळतात, मला विचारतसुद्धा नाहीत. नंतर मी सांगायलाच म्हणून पुन्हा आले, पण येताना भजी घेऊन आले. मग चटणी घेऊन आले. हातात ताटली असलेल्या बाईला लोक फार तर मीठ मागतात. आपणही मीठच मागितलेत.

९. व्याख्यात्या प्रेरणाताई पुण्याहून वेळेवर निघाल्या होत्या. पण शनिवारचे लोणावळे आपण त्या दिवशी पाहिलेच. वाकसई फाट्यापासून त्यांची गाडी हलेना. त्या पोचल्या दिवेलागणीला, आणि त्याच गर्दीने आपलाही परतीचा बेत मोडून मुक्काम पडला. प्रेरणाताईंनी आम्हाला पूर्वी पाहिलेले नव्हते. माझे त्यांच्याशी बोलणे फोनवरचे, आणि फोनवर मी चिटणीसासारखी बोलते. दारात त्यांना दिसली ती भिजलेली छत्री घ्यायला हात पुढे करणारी बाई. त्यांनी छत्री दिली, थँक्यू म्हटले आणि आपल्याला विचारले, मंडळी कुठे? आपण म्हणालात, आलीच नाहीत.

बाई मात्र नेटाची. विषय ठरलेला होता, ‘कामाचे तास, विश्रांती व साप्ताहिक सुट्टी’. ठरलेले व्याख्यान झालेच पाहिजे म्हणून त्या मांडलेल्या खुर्च्यांपुढे उभ्या राहून बोलल्या. श्रोते आपण एकटे. विश्रांतीच्या मुद्द्यापर्यंत आपण जागे होतात, मग आपण तो अमलात आणलात. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन शेवटपर्यंत ऐकत होतो. ताई म्हणाल्या, राबणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक अख्खा दिवस स्वतःचा मिळायला पाहिजे. तेव्हा मुमताजताई माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘बराबर बोलती बाई. पन तू पोळीकडं बघ, करपाया लागली.’ तरी व्याख्यान रिकाम्या खुर्च्यांपुढे झाले हे आम्हास मान्य आहे. ते श्रोत्यांविना झाले, हे मान्य नाही.

१०. जेवणे झाल्यावर निजण्याचा प्रश्न आला. खोल्या खरे तर शिबिरार्थींसाठी ठेवलेल्या. वरच्या मोठ्या खोलीत आपली सोय केली, शेजारी प्रेरणाताईंची, आणि जिन्याजवळच्या खोलीत आपल्या गाडीचे चालक श्री. पवन यांची. आम्ही स्वयंपाकघरात चटया टाकल्या. बाकीच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, हंसांसकट. का, ते विचारू नये, कारण नीट उत्तर मलाही देता येत नाही. करून ठेवलेला पलंग आमच्याच्याने मोडवत नाही, एवढेच म्हणता येईल.

११. रविवारी सकाळी आपण पोहे घेऊन व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसला होतात. प्रेरणाताई पाणी प्यायला आत आल्या. शालूमावशींनी त्यांना विचारले, ‘मॅडम, ती शिबिराची मान्सं कवा यायची वो? पोहं निवून गेलं.’ ताई म्हणाल्या, काय सांगू मावशी, इथल्या बंगल्यांवर काम करणाऱ्या बायका यायच्या होत्या, एकही आली नाही.

मुमताजताईंनी हातातले उलथने खाली ठेवले. मी म्हणाले, ताई, त्या आम्हीच.

ताई आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे तोंड पाहून मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. पण त्यांच्याहून जास्त आश्चर्य वाटले ते मावशींना. त्या मला म्हणाल्या, ‘म्हंजी? पोरी, तू मला कामाला न्हाई बोलीवलं?’

साहेब, खुलासा तो हा. मी मावशींना बाजारात गाठून सांगितले होते की शनिवार-रविवार आमच्या बंगल्यावर शिबिर आहे, तुम्ही यायचेच. उभ्या जन्मात मावशींना शनिवार-रविवारी कुणी बंगल्यावर बोलावले ते कामालाच. त्यांना वाटले, पुण्याची शिबिराची म्हणून कुठली तरी मोठी पार्टी उतरणार आहे आणि राजीला एकटीला उरकणार नाही. म्हणून त्या येताना स्वतःचा खराटा घेऊन आल्या होत्या. मी तो खराटा दारात पाहिला होता आणि मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. मी संघटनेची चिटणीस आहे.

मग मावशींच्या डोक्यात उजेड पडला. ‘आगं म्हंजी पावनं आपुनच व्हय!’ असे म्हणून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. त्यांची पाठ चोळता चोळता आम्हीही हसत सुटलो. हसता हसता मी रडले. अर्जात हे लिहितात की नाही मला माहीत नाही, पण झाले ते असे.

१२. प्रेरणाताईंनी तिथेच फरशीवर बैठक मारली. हॉलमध्ये चला म्हणाल्या नाहीत, ते बरे केले. हॉलमध्ये गेलो असतो तर कुणीतरी आधी खुर्च्या पुसल्या असत्या. त्यांनी नियम एकच घातला : आता कुणी काही उचलायचे नाही, पुसायचे नाही आणि उठायचे नाही. साहेब, हातात काही न घेता नुसते बसणे हे फार जड काम आहे. आपणास सवय असल्याने कल्पना येणार नाही. एकजण पदराने समोरची फरशी पुसू लागली. मुमताजताई म्हणाल्या, ‘निदान लसून तरी सोलू द्या वो, बोटं वळवळाया लागली.’ ताईंनी दिला नाही.

मग त्यांनी एकेकीला विचारले, तुम्हाला चहा कसा लागतो? प्रश्न सोपा वाटला. मला मालकीणबाईंचा चहा माहीत आहे, त्यांच्या जावयांचा माहीत आहे, आणि आता आपलाही माहीत आहे : दूध कमी, साखर जास्त, वर वेलची. माझा मला सांगता येईना. मावशींना विचारले तेव्हा त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, ‘मला कसा लागतो म्हंजी? सगळ्यांचा झाल्यावं पातेल्यात उरंल तसा.’

मग मावशी आपण होऊन बोलू लागल्या. त्यांच्या बंगल्याच्या खिडक्यासुद्धा विकून झाल्यात, पलंग पुढच्या महिन्यात जाणार. ‘त्या पलंगांवं उभा जलम चादरी घातल्या म्या. पाठ टेकल्यावं कसं लागतंय ते न्हाई ठावं. कोन न्हाई म्हनलं न्हवतं, पन व्हय बी कुनी म्हनलं न्हाई. येकदा निजायचं व्हतं. आन सकाळच्याला कुनीतरी म्हनायचं, मावशी, उठा, च्या झालाय.’

आदल्या रात्री मावशी फ्रीजशेजारी चटईवर निजल्या होत्या. वरच्या रिकाम्या खोल्यांत पलंग करून ठेवलेले होते. आम्हा कुणाला कुणाकडे बघवेना.

१३. याच वेळी व्हरांड्यातून आपला आवाज आला, जरा चहा मिळेल का? मावशी अर्ध्या उठल्या. एक गुडघा फरशीवर, एक वर, हात ओट्याला. ताईंनी त्यांना अडवले नाही. आपण दुसऱ्यांदा हाक मारलीत. मावशी तशाच. मला वाटले, आता जातील. मी असते तर गेले असते. आपण तिसऱ्यांदा हाक मारलीत, जरा चढ्या आवाजात. तेव्हा मावशी खाली बसल्या, नीट मांडी घालून, पदर सारखा करून, आणि म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या. आपुन बी पावनंच हाय.’

आपण लिहिले आहे की दुसऱ्या दिवशी वारंवार मागूनही चहा आला नाही. आपल्या अख्ख्या अहवालात हेच वाक्य सर्वात मोलाचे आहे, आणि आपण ते तक्रार म्हणून लिहिलेत याचे आम्हास वाईट वाटते. साहेब, शिबिर त्याच वेळी झाले. पहिल्या दिवशी झाले नाही, हे आम्हीही मान्य करतो. पहिल्या दिवशी चहा मागण्याआधी येत होता.

१४. आपण रागावून गाडीकडे गेलात आणि स्वतःच हॉर्न वाजवलात, तेव्हा आम्ही सगळ्या आपल्याला खरा प्रकार सांगायला निघालो होतो. पण चपला मोरीपाशी. मागच्या दाराने निघून, बंगल्याला वळसा घालून पुढे येईपर्यंत आपली गाडी वळणापलीकडे गेली होती. प्रेरणाताईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयात फोन केला. लेखी द्या, असे उत्तर मिळाले. म्हणून हे लेखी.

१५. याउपर पुरावा हवा असल्यास श्री. पवन यांना विचारावे. चालकांना स्वयंपाकघरात वाढायची बंगल्यांवर पद्धत असल्याने ते पोह्यांच्या ताटलीसह पूर्ण वेळ आमच्यात बसले होते. त्यांनी शिबिरात मनापासून भाग घेतला व साप्ताहिक सुट्टीबाबत शंकाही विचारल्या. शिबिर महिलांचे असल्याने त्यांचे नाव हजेरीत घालता येत नाही, याचे त्यांनाही वाईट वाटते. आमच्या कानावर आले आहे की पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्याकडे रविवारच्या सुट्टीचा अर्ज दिला आणि हल्ली रविवारी गाडी आपण स्वतः चालवता. झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व. परंतु जे शिबिर झालेच नाही त्यात बसून माणूस सुट्टी मागायला कसा शिकला, याचा खुलासा आपल्या कक्षानेच करावा.

१६. तरी विनंती अशी की, ‘शिबिर झाले नाही’ हा शेरा मागे घ्यावा. ते कठीण असल्यास ‘शिबिर उशिरा सुरू झाले’ असा करावा, त्यावर आमची हरकत नाही. दुसऱ्या शिबिराला दिवाळीच्या आत मान्यता द्यावी आणि ते मंगळवार-बुधवारी ठेवण्याची मुभा असावी, कारण आमचा रविवार मंगळवारी येतो.

पुढच्या वेळी असा घोळ होऊ नये म्हणून आम्ही ठराव केले आहेत. सर्वांनी पुढच्या दाराने यायचे. खराटे, झाडू, फडकी आदल्या दिवशी कुलपात जातील आणि किल्ली प्रेरणाताईंकडे राहील. कोण म्हणून विचारले तर प्रत्येकीने स्वतःचे नाव सांगायचे. याचा सराव गिरणीवरच्या खोलीत चालू आहे आणि अजून निम्म्याजणी चुकतात. हंस कोणी करायचा नाही. शालूमावशींना वरच्या मोठ्या खोलीतला पलंग द्यायचा, तो मी स्वतः करीन, त्या कामाला मात्र ही बंदी लागू नाही.

१७. शेवटची विनंती करायला संकोच वाटतो, पण ती केल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. दुसऱ्या शिबिराच्या निरीक्षणासही आपणच यावे. मुक्कामाला यावे. बुधवारी सकाळी आम्हा कुणाला ओट्याशी उभे राहायला बंदी आहे, आणि प्रेरणाताईंचा चहा आम्ही प्यालो आहोत, तो नको. तेव्हा मावशींना उठवायचा चहा आपण करावा. निरीक्षकाच्या कामात चहा येतो की नाही, हे मला माहीत नाही. आमच्याही कामात तो कुठे लिहिलेला नव्हता. दूध, साखर, पातेले कुठे आहे ते कागदावर लिहून ओट्यावर चिकटवून ठेवीन. गॅसचा डावा बर्नर जरा थांबून पेटतो, घाबरू नये.

अहवाल वाचून आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या की जाऊ दे, नको ते शिबिर. मला त्याचा राग आला. आपला नाही, त्यांचाही नाही. हे ‘जाऊ दे’ आमच्या तोंडात इतके पटकन येते, त्याचा राग आला. म्हणून हा अर्ज जाऊ दिलेला नाही. तो मी ‘शांतीछाया’च्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून लिहिला आहे. सवय नसल्याने अक्षर जरा वाकडे आले असल्यास सांभाळून घ्यावे.

आपली नम्र, आणि तूर्त बसलेली,

(सही)
राजेश्वरी आदिनाथ केदारी
(‘शांतीछाया’ची)

ठिकाण : तुंगार्ली, लोणावळा
दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

सोबत : १) दुरुस्त हजेरी, बंगल्यांऐवजी बायकांच्या नावाने.
२) आपले मोजे, वाळलेले.
३) टॉवेलचा हंस, एक. टपालात मोडल्यास नुसता टॉवेल समजावा.

ता. क. : पाठवण्याआधी हा अर्ज शालूमावशींना वाचून दाखवला. त्यांनी दोन गोष्टी घालायला सांगितल्या. एक म्हणजे, आपण शनिवारी वांग्याची भाजी परत मागून घेतलीत ते त्यांना फार बरे वाटले होते, ते लिहायचे राहिले. दुसरी गोष्ट चहाची. प्रेरणाताईंच्या त्या प्रश्नावर मावशी तेव्हापासून विचार करत होत्या, आता त्यांचे ठरले आहे. साखर आपल्या हाताला येईल तेवढी चालेल. आले असले तर घालावे, नसले तर राहू दे. फक्त सगळ्यांना देऊन झाल्यावर नको. पहिला त्यांना द्यावा, गरम असताना.